सातवं प्रकरण

विद्यापीठानं शाश्वतता विज्ञान आणि ऊर्जा धोरण या विषयाचं नवं प्राध्यापकपद काढायचं ठरवलं, तेव्हा त्याची जाहिरात लिहायचं काम कुलगुरूंनी बाईंवरच सोपवलं. दुसरं कोणाला सांगणार? त्या विषयाचं म्हणून जे काही विद्यापीठात होतं, ते सगळं बाईंच्या खोलीत होतं. खोली तळमजल्यावर, ट्रान्सफॉर्मरला लागून. भिंतीतून बारा महिने एक बारीक गुणगुण यायची. नवा माणूस आला की डोकं धरायचा, बाईंना ती ऐकूही येत नसे. सतरा वर्षं त्या तिथे सहयोगी प्राध्यापक होत्या. सहयोगी म्हणजे काय, असं भाचीनं एकदा विचारलं होतं. "सगळं करायचं आणि फोटोत कडेला उभं राहायचं," बाईंनी सांगितलं होतं.

जाहिरातीचा कच्चा मसुदा घेऊन त्या कुलसचिवांकडे गेल्या. कुलसचिव चांगला माणूस होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला आणि म्हणून थोडा मोकळा. मसुदा वाचून त्यानं चष्मा काढला.

"मॅडम, जरा तुमच्या मापाचं शिवा की."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचंच घोडं पुढे जाईल अशा दोन अटी घाला. सगळेच घालतात. आणि ही कशाला घातलीत? 'शासनाच्या धोरण-प्रक्रियेत प्रत्यक्ष सहभाग.' कागदोपत्री दाखवता येईल का तुम्हाला?"

"धोरणाचा प्राध्यापक आहे सर. ज्यानं धोरण कधी जवळून पाहिलं नाही, तो शिकवणार काय?"

"तुम्ही पाहिलंय हो. पण कागद?"

बाईंनी ती अट तशीच ठेवली. आपण नेमणुकीची जाहिरात लिहितोय, लग्नाची नाही, असं त्या वर म्हणाल्या. कुलसचिव हसला आणि त्यानं सही केली.

बाईंचं सगळं शिक्षण पुस्तकातलं असलं तरी वीज त्यांना शिकवली ती त्यांच्या मोठ्या भावानं. दादा शहरापासून दीड तासावरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात कामाला होता, कोळसा हाताळणी विभागात. एकोणतीस वर्षं. वडील गेल्यावर हा नोकरीला लागला आणि धाकटी बहीण शिकली. दर रविवारी बाई त्याच्याकडे जेवायला जायच्या. जेवणं झाली की दादा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनानं कोळसा वाहून नेणारे पट्टे काढायचा, तो कुठून चढतो, कुठे अडकतो, ओला कोळसा आला की काय होतं. "कागदावर तुझा संच पूर्ण क्षमतेनं चालतो, छकू," तो म्हणायचा. "आमच्या इथे तो दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा चालतो. ते लिही." पन्नाशीच्या डॉक्टर बाई त्या घरात अजून छकू होत्या.

त्यांनी ते लिहिलं. वीजकेंद्र केव्हा आणि कसं बंद करावं, त्याजागी वारा, ऊन आणि साठवणुकीची वीज कशी आणावी, याचं एक मॉडेल त्यांनी आठ वर्षं खपून तयार केलं होतं. त्याचा अहवाल सात प्रकरणांचा. पहिली सहा प्रकरणं आकड्यांची. सातवं माणसांचं. त्यासाठी बाई दादाबरोबर केंद्राच्या कामगार वसाहतीत घरोघर हिंडल्या होत्या. चारशे बारा कुटुंबं. कोण काय काम करतो, दुसरं काय येतं, घरात आजारी कोण आहे, मुलं कुठल्या इयत्तेत, दुसऱ्या गावी जायला तयार आहात का. दादा सोबत असायचा म्हणून दारं उघडायची. "ही माझी बहीण. हिला खरं सांगा," एवढंच तो म्हणायचा आणि बाहेर ओट्यावर बसून राहायचा.

त्या प्रकरणाचा निष्कर्ष सोपा होता. केंद्र सहा वर्षांत बंद करता येईल, एकेक संच करत. पण प्रत्येक संच बंद व्हायच्या दोन वर्षं आधी तिथल्या माणसांचं शिक्षण सुरू व्हायला हवं आणि बंद व्हायच्या आधी हातात दुसरं काम असायला हवं. तीन वर्षांत घाईनं बंद केलं तर वीज मिळेल, माणसं मोडतील. सहा प्रकरणांतल्या कोष्टकांत तीन वर्षांचा पर्याय सगळ्यांत स्वस्त दिसायचा. सातवं प्रकरण वाचल्यावर तो बाद व्हायचा.

मुलाखत घ्यायला पाच जण बसले होते. बाई इस्त्रीची सुती साडी नेसून, अहवालाच्या पाच प्रती घेऊन गेल्या. पहिली चाळीस मिनिटं उत्तम गेली. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञानं जाहिरातीचा कागद पुढे ओढला.

"शासनाच्या धोरण-प्रक्रियेत तुमचा सहभाग कुठे दिसतो?"

"मंत्रालयाच्या मागच्या ऊर्जा आराखड्यातले मागणीचे आकडे माझे आहेत."

"त्यात तुमचं नाव नाही."

"तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या सहीनं गेले होते."

"ते आता?"

"वारले."

तज्ज्ञानं मान हलवली, शोक केल्यासारखी. "अट फार योग्य आहे ही," तो बाकीच्यांना म्हणाला. "ज्यानं कोणी घातली त्याला विषय कळतो." कुलगुरू खिडकीबाहेर बघू लागले.

निवड झाली ती एका सल्लागार कंपनीतून आलेल्या माणसाची. बाईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यानं तीन सरकारी समित्यांवर काम केलं होतं आणि तिन्हींच्या अहवालांवर त्याचं नाव होतं. बातमी ईमेलनं सगळ्या विद्यापीठाला एकदमच कळली, बाईंनाही. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांनी त्याचं नाव 'स्लाइडवाले सर' पाडलं, कारण कँटीनमध्ये चहा पितानासुद्धा तो लॅपटॉप उघडून काहीतरी दाखवायचा.

बाईंनी रजा घेतली नाही, की त्या रडल्या नाहीत. रविवारी दादाला सांगितलं तेव्हा तोच संतापला. "सतरा वर्षं राबलीस आणि ऐन वेळी तोंडाला पानं पुसली?" वहिनी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "वन्सं, तुमचं चुकतंच. तुम्हाला मागता येत नाही." बाई जेवल्या आणि घरी आल्या.

स्लाइडवाले सर वाईट वागले असते तर बरं झालं असतं. पण ते पहिल्याच दिवशी स्वतः तळमजल्यावर आले, भिंतीला कान लावून म्हणाले, "मॅडम, या आवाजात तुम्ही सतरा वर्षं काढलीत? तुम्हाला वर खोली देतो," आणि खरोखर दिली. चौथा मजला, दोन खिडक्या. मग म्हणाले, "राज्याचा नियामक आयोग वीजकेंद्र बंद करण्यावर अहवाल मागतोय. तुमच्या मॉडेलच्या जवळपास पोचेल असं कोणाकडे काही नाही. आपण दोघं देऊ. पहिलं नाव तुमचं."

बाईंनी मॉडेल दिलं. सातही प्रकरणं दिली.

अडीच महिन्यांनी छापील मसुदा त्यांच्या टेबलावर आला. चाळीस पानं, गुळगुळीत, रंगीत आलेखांची. बाईंनी शेवटचं पान उलटलं, मग परत मागे आल्या. सातवं प्रकरण नव्हतं. सव्विसाव्या पानावर एक ओळ होती: 'कामगारांच्या संदर्भात योग्य त्या उपाययोजना वेळोवेळी कराव्यात.'

त्या मसुदा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या.

"सातवं प्रकरण कुठे गेलं?"

"मॅडम, आयोगानं चाळीस पानांची मर्यादा घातलीय. आणि तुमचं ते प्रकरण इतकं मोलाचं आहे की ते असं कोंबून चालणार नाही. त्याचा वेगळा खंड काढू. पुढच्या वर्षी."

"त्याच्याशिवाय तीन वर्षांचा पर्याय वर येतो. कोष्टकात पहिला दिसतो."

"आपण शिफारस कुठे करतोय? आपण पर्याय मांडतोय. निवड त्यांची."

"ते पहिलाच निवडतील."

"इतका अविश्वास नको हो." सरांनी संमतीचा फॉर्म पुढे सरकवला. "उद्या द्यायचंय. तुमची सही नसेल तर अहवाल जाणारच नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तुमच्या कामावर तुमचा हक्क आहे. तुम्ही नाही म्हणा, मी थांबवतो."

हे ते मनापासून म्हणत होते की कसं, बाईंना त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. त्यांच्यासमोर मुखपृष्ठ होतं. त्यावर राजमुद्रा, खाली आयोगाचं नाव, त्याखाली दोन नावं. पहिलं त्यांचं, पदवीसकट, काळ्या ठसठशीत अक्षरांत. सतरा वर्षांत त्यांनी किती अहवाल लिहिले होते, पण स्वतःचं नाव असं पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग खुर्चीत बसून सही केली आणि तारीख घातली.

आयोगानं पहिला पर्याय निवडला. सरकारनं तो आणखी आवळला. बदलीची वीज शेजारच्या राज्यातून विकत घ्यायची सोय झाली आणि केंद्र दोन वर्षांत, सगळे संच एकदम, बंद करायचं जाहीर झालं. पत्रकार परिषदेत मंत्र्यांनी अहवाल हातात धरून दाखवला. 'शास्त्रीय अभ्यासावर आधारित निर्णय' असं ते दोनदा म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई नेहमीप्रमाणे गेल्या. दार भाचीनं उघडलं आणि ती आत निघून गेली. टेबलावर ताटं नव्हती. अहवाल होता, छापून काढलेला, कोपऱ्यात तार घालून बांधलेला. युनियननं त्याच्या प्रती वाटल्या होत्या. दादा खुर्चीत बसला होता, कामावरचा निळा शर्ट घालून, सुट्टीच्या दिवशी.

"बस," तो म्हणाला.

बाई बसल्या.

"पोरीकडून वाचून घेतला. सगळा. दोन वेळा." दादानं पानं उलटली. "संच दम लागल्यासारखा चालतो, ते घेतलंस. किती तास बंद पडतो, तेही घेतलंस. मी सांगितलेलं सगळं आहे यात, चांगल्या भाषेत. सव्विसाव्या पानावर आम्ही आहोत. एक ओळ."

"दादा, मी पूर्ण प्रकरण लिहिलं होतं. पन्नास पानांचं. तुला माहीत आहे. त्यांनी काढलं."

"कोणी?"

"त्या नव्या प्राध्यापकानं."

"तुला न विचारता?"

स्वयंपाकघरात वहिनींचं भांडं घासायचं थांबलं.

"विचारून," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मी सही केली."

दादा त्यांच्याकडे बघत होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता. एखादा चालू पट्टा मधेच का थांबला, हे शोधताना तो जसा बघत असेल, तसा बघत होता.

"कशासाठी ग?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. चाळीस पानांची मर्यादा होती, दुसरा खंड निघणार होता, अहवाल अडकला असता. तोंडाशी आलं सगळं. "माझं नाव पहिलं होतं," त्या म्हणाल्या.

दादानं मान डोलावली. कळलं, अशी. "मी बाहेर बसलेलो असायचो ओट्यावर," तो म्हणाला. "चारशे बारा घरं. आता ते मला विचारतात." मग तो उठला आणि आत जाऊन आडवा झाला. वहिनी बाहेर आल्या. हात ओलेच होते. "वन्सं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थोडे दिवस नका येऊ."

त्यानंतर फोन यायला लागले. पाहणी करताना बाईंनी प्रत्येक घरात आपला नंबर दिला होता. एका फिटरच्या बायकोनं विचारलं, "मॅडम, तुम्ही फॉर्मवर लिहून घेतलं होतं ना, की मला मशीन दुरुस्तीचं शिकायचंय? ते कधी सुरू होणार?" आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की ते सुरू होणार आहे. बाई म्हणाल्या, "चौकशी करून सांगते." अशी चौकशी करण्याजोगी जागाच कुठे नव्हती.

आयोगाच्या शेवटच्या जनसुनावणीला बाई गेल्या. सातवं प्रकरण त्यांनी स्वखर्चानं छापून, हरकत म्हणून दाखल केलं होतं. सभागृह भरलेलं होतं, मागच्या रांगांत केंद्रातली माणसं उभी होती. दादा त्यांत होता की नाही, हे बाईंनी पाहिलं नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या उठून माईकपाशी गेल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. तीन वर्षांचा पर्याय मुळात पर्यायच नव्हता, दोन वर्षांचा तर त्याहून नाही, त्याची कारणं सोबतच्या पन्नास पानांत आहेत, निर्णय मागे घ्यावा.

आयोगाच्या सचिवानं आधीचा अहवाल आणि ही हरकत शेजारी शेजारी ठेवली.

"मूळ अहवालाच्या पहिल्या लेखिका आपणच का?"

"हो."

"संमतीपत्रावर सही आपलीच?"

"हो."

"म्हणजे आपण आपल्याच अहवालाला हरकत घेताय?"

मागे कोणीतरी हसलं. मग चार-पाच जण हसले.

"अहवाल अपुरा आहे," बाई म्हणाल्या. "तो अपुरा आहे हे मला सही करताना माहीत होतं. चूक माझी आहे. तिची शिक्षा यांना नको."

"तसं आपण तेव्हा लेखी कळवलंत?"

"नाही."

स्लाइडवाले सर पुढच्याच रांगेत होते. त्यांनी हात वर करून बोलायची परवानगी मागितली. "मॅडमच्या कळकळीबद्दल कोणाच्या मनात शंका नाही," ते उभे राहून म्हणाले. "पण भावनेच्या आणि शास्त्राच्या जागा वेगळ्या असतात, एवढंच. आणि मॅडमचे सख्खे भाऊ त्या केंद्रात नोकरीला आहेत, हे आयोगाच्या माहितीसाठी सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं."

सचिवानं ते लिहून घेतलं. हितसंबंध असल्यामुळे हरकत विचारात घेता येत नाही, एवढीच नोंद कार्यवृत्तात झाली. परतताना जिन्यात सर बाईंना गाठून म्हणाले, "राग मानू नका. मला बोलावंच लागलं." बाईंनी त्यांना वाट दिली आणि भिंतीच्या कडेनं खाली उतरल्या.

केंद्र ठरल्या तारखेला बंद झालं. वसाहत रिकामी व्हायला दीड वर्ष लागलं. काही जण मुलांकडे गेले, काही बांधकामावर, फिटर बायकोसकट कुठे गेला ते कोणाला सांगता येईना. दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मालाच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर रखवालदाराचं काम मिळालं. ते त्यानं स्वतः शोधलं. बाईंनी एका ओळखीच्या संचालकाशी बोलून ठेवलं होतं, पण तिकडे तो गेला नाही.

दोन वर्षांनी स्लाइडवाले सर एका आंतरराष्ट्रीय संस्थेत निघून गेले. निरोप समारंभात त्यांनी बाईंच्या पाया पडल्यासारखं केलं. त्याच आठवड्यात कुलगुरूंनी बाईंना बोलावलं.

"आता काही अडचण नाही," ते म्हणाले. "तुमचा तो अहवाल सगळीकडे उद्धृत होतो. मंत्रालयात तुमचं नाव घेतात. समितीसमोर फक्त येऊन बसा."

बाई बसल्या. या खेपेला कोणी काही विचारलं नाही. आपण नाही म्हटलं तर दुसरा स्लाइडवाला येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण हो म्हणायला तेवढं एकच कारण होतं असं नाही, हेही त्यांना माहीत होतं. आदेश हातात पडला तेव्हा त्यांना झालेला आनंद लहान नव्हता. त्याची त्यांना किळस आली, आणि तरीही तो गेला नाही.

मागची बातमी त्यांना ईमेलनं कळली तशी ही दादाला तिसऱ्याच कोणाकडून कळू नये म्हणून त्या दुपारी गोदामावर गेल्या. दादा फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोपटात बसला होता, समोर गाड्यांची नोंदवही. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं बहिणीला पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं, पण उठला नाही.

"कशी आहेस?"

"बरी. वहिनी?"

"गुडघे धरलेत. बाकी ठीक."

"दादा, मला ते पद मिळालं."

"कुठलं? तेच?"

"तेच."

"म्हणजे आता तू प्राध्यापक."

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

दादानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "आई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती," तो म्हणाला. आवाजात कडूपणा नव्हता, आणि तेच बाईंना सहन होईना.

"दादा, मी येऊ का रविवारी?"

तो उत्तर देणार तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. दादा उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर जाऊन फाटकाची साखळी काढू लागला. मागून आणखी दोन ट्रक लागले होते. बाई त्याच्यामागे बाहेर आल्या आणि फाटकाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कडेला हो," दादा वळून न बघता म्हणाला. "गाडी आत घ्यायचीय."